तात्यांचा डावा पाय

लासुर्ण्यात कुठल्याही दोन माणसांचं कशावर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कालव्याच्या पाळीवरून भावक्या मोडल्या होत्या, सोसायटीच्या निवडणुकीवरून सोयरिकी मोडल्या होत्या आणि जत्रेला तमाशा कुठला आणायचा यावरून एका वर्षी जत्राच मोडली होती. पण शहाण्णवच्या उन्हाळ्यात सगळं गाव एका मुद्द्यावर एक झालं. सावळारामच्या तेजश्रीनं लुना घ्यावी.

तेजश्रीनं कुणाला विचारलं नव्हतं. ती पुण्याहून गणितात एम.एस्सी. करून आली होती आणि जूनपासून तिला इंदापूरच्या कॉलेजात शिकवायला जायचं होतं. कॉलेज सकाळचं. लासुर्ण्याहून सुटणारी पहिली एसटी इंदापुरात पोचेपर्यंत पहिला तास संपून पोरं चहाला गेलेली असत. तेव्हा वाहन पाहिजे, इथवर कुणाचाच वाद नव्हता. आणि वाहन तर सावळारामच्या दारात गोणपाटाखाली उभं होतं. भानगड तीच होती.

गोणपाटाखाली साडेतीनशे होती. कंपनीनं तिचं नाव काय ठेवलं होतं ते टाकीवर लिहिलेलं होतं, पण गावानं तिला इंजिनाच्या सीसीनंच ओळखायचं ठरवलं होतं. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, लाल टाकी आणि चालू केली की गल्लीतल्या पत्र्यांवरची कबुतरं उठवणारा आवाज. तेजश्रीचा थोरला भाऊ बुद्धघोष लष्करात होता. पुण्यातल्या एका साहेबाकडून त्यानं ती जुनी घेतली, सुट्टीभर फिरवली, आणि बदली आसामात झाली तेव्हा बहिणीला अंगणातच स्टँडवर बसवून क्लच कुठला, गियर कुठला, एवढं दाखवून निघून गेला. नंतर एसटीडीवरून बापाला म्हणाला, "ठेवा न्हायतर इका, नाना. पर गंजू दिऊ नका."

सावळाराम साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. रिटायर झाला तरी हात अजून अधूनमधून सलामाला वर जायचा. असा माणूस ठेवावं की विकावं हे एकट्यानं ठरवत नाही. तो संभाजीराव तात्यांना विचारतो.

तात्यांना विचारण्याचं कारण म्हणजे गावातली एकुलती एक बुलेट त्यांची होती. बाकी गावात लुना होत्या, एम-एटी होत्या, दोन-तीन राजदूत होत्या. गाडी या विषयावर तात्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी गोणपाट उचलून बघितलं, टाकीवर टिचकी मारली आणि आपला सिद्धांत सांगितला.

"सावळाराम, गाडीला पायऱ्या असत्यात. आदी सायकल. मग लुना. मग एम-एटी. मग राजदूत. येवढं सगळं करून माणसाची तेवढी योग्यता झाली, तर बुलेट. आन् ही तुजी पोरगी लेडीज सायकलवरनं थेट हिच्यावर बसाय निघाली. मरंल की."

हा जिना तात्यांनी स्वतः चढलेला नव्हता. ते मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा पोरगं जिवाचं काही बरंवाईट करून घेईल या धसक्यानं त्यांच्या वडिलांनी त्यांना थेट बुलेट घेऊन दिली होती. पण वर पोचलेल्या माणसाला जिना कुठून आला हे विचारायची पद्धत नाही.

"मग काय करावं म्हणता?" सावळारामनं विचारलं.

"आमच्या हिची लुना हाय. एकदा पडली, तवापासनं हात लावत न्हाय. ती पोरीला दे. ही मी घिऊन जातो. वरचं काय ते आपण समजून घिऊ. मला काय, दारात एक आसंल पडून."

"चा घेता का, तात्या?"

"आत्ताच झाला." तात्या त्या वस्तीत आले की त्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असे.

"बगू मग," सावळाराम म्हणाला. तात्यांना तो जन्मात कधी नाही म्हणाला नव्हता. बघू म्हणायचा. आणि आजवर दर वेळी बघून झाल्यावर तात्यांच्याच मनासारखं झालेलं असल्यामुळे, तात्या जाताना सांगून गेले, "रविवारी येतो. एक चक्कर मारून बगतो, आन् तशीच घिऊन जातो."

तेजश्री आतून सगळं ऐकत होती.

"नको," ती बाहेर येऊन म्हणाली.

"लुनाला काय झालंय?"

"लुनाला काहीच झालेलं नाही, नाना."

"मग? पेट्रोल कमी खाती. पडली तर उचलता येती. समदे म्हणत्यात."

"साडेतीनशे आपल्या दारात हाय. ती दिऊन लुना कशाला घ्यायची?"

"तुला झेपायची न्हाय म्हणून!"

"ते मला ठरवू द्या की."

याहून मोठं कारण तिच्याकडं नव्हतं आणि तिनं बनवूनही सांगितलं नाही. लुनानं इंदापूर गाठता आलं असतं. थोडं आधी निघावं लागलं असतं, एवढंच. ती हे प्रामाणिकपणे स्वतःशी कबूल करत होती. फक्त तिला आठवत होतं की शाळेत पुढच्या बाकावर बसायला निघाली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, आधी मागं बस, मग बघू. आठवीला गणिताचं जाड पुस्तक मागितलं तेव्हा आधी गाईड वाच. पुण्याला एम.एस्सी.ला नाव घालायला गेली तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला होता, आधी बी.एड. करून नोकरी धरा, मग शिका. दर वेळी पायरीपायरीनं ये म्हणणारा माणूस वरच उभा होता आणि खाली उतरायचं नाव घेत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एक मोठी वस्तू आपण होऊन दारात येऊन उभी राहिली होती. ती परत करून लहान घ्यायची, हे तिच्या गणितात बसत नव्हतं.

रविवारला अजून अवकाश होता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं पंजाबी ड्रेसवरची ओढणी कमरेला करकचून बांधली, गाडी चालू न करता ढकलत ढकलत वस्तीच्या मागच्या माळावर नेली आणि किकवर पाय ठेवला.

माळावर आबाजी होता. त्याच्या घरानं एके काळी खंडीभर मेंढरं कोकणापर्यंत चालवत नेली होती. आता एक मुलगा कारखान्यात, एक पंचायत समितीत, नातू पुण्याला कॉम्प्युटर शिकायला. पण आबाजीला रिकामं बसवत नाही म्हणून पाच-सात मेंढरं ठेवलेली. ती आवाजानं उधळली आणि बोरीच्या जाळीत जाऊन उभी राहिली.

"अगं ए मास्तरीण!" आबाजी ओरडला. "मेंढरं गाभडतील की माझी!"

"सवय करा, आबाजी. रोज येणार हाय मी."

"रोज? मग पयल्या दिवशीच मरू नको."

पहिल्या दिवशी ती मेली नाही, कारण गाडी हललीच नाही. क्लच सोडला की गचका, आणि बंद. पुन्हा किक. पुन्हा गचका. ऊन वर येईपर्यंत तिचा उजवा गुडघा बोलायला लागला होता. दुसऱ्या दिवशी गाडी हलली. तिसऱ्या दिवशी तेजश्रीला तिचा स्वभाव कळला. ॲक्सिलरेटरच्या अर्ध्या मुठीपर्यंत ही गाडी गरीब गाय होती. कुणीही बसावं, कुठंही न्यावं. अर्ध्या मुठीच्या पुढं गेलं की तिच्या अंगात यायचं. मधे काही नव्हतं. आधी सूचना नव्हती, हळूहळू नव्हतं. गाय होती, आणि मग देवी होती.

हा शोध तिला बोरीच्या जाळीत लागला. त्या आधी मेंढरं तिथून निघून गेली होती, हे त्यांचं शहाणपण.

संध्याकाळी लीलाबाई सुईनं लेकीच्या तळहातातले काटे काढत बसल्या. लीलाबाईंचा हात हलका होता, जिभेचं तसं नव्हतं.

"हिकडं कर हात. गणित शिकवणार म्हणं. गणित यीत आसतं तर कळलं नसतं व्हय, केवढी गाडी आन् केवढी तू?"

"आई गं! हळू."

"हळू म्हणं. माळावर म्हणाली हुतीस का गाडीला हळू?" त्यांनी काटा काढून दिव्यासमोर धरला. "तुज्या जागी मी आसते तर लुना घेतली आसती. गप घेतली आसती."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय? जन्मभर गपच घेतलं मी. हां, दुसरा हात दे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "उद्या फुलबाह्यांचा घालून जा. बुद्धाचा जुना शर्ट हाय बघ पेटीत."

असं करत शनिवारपर्यंत तेजश्री माळावर तिसऱ्या गियरपर्यंत पोचली. डांबरी रस्ता तिनं अजून बघितला नव्हता. मागं कुणी बसलं नव्हतं. गोल वळण घेता येत होतं, पण डावीकडचंच. उजवीकडं वळायचं असलं की ती उतरून गाडी फिरवत असे. अशा माणसानं साडेतीनशेवर बसू नये, असं कुणीही समजदार माणूस म्हणाला असता, आणि त्याचं खरं होतं.

रविवारी गावात गाड्या नव्हत्या. पळसदेवला मोठं लग्न होतं. जीपगाड्या, टेम्पो, लुना-राजदूत, एवढंच काय पाण्याचा टँकरसुद्धा वऱ्हाड भरून पहाटेच गेला होता. तात्या पायाला कोल्हापुरी, डोक्याला कडक टोपी, अशा थाटात बुलेटवरून सावळारामच्या अंगणात आले. बुलेट त्यांनी सावलीत लावली आणि कुणी हात लावू नये म्हणून किल्ली कनवटीला खोचली. बाज टाकलेली होती. ते बसले नाहीत.

"किल्ली?"

तेजश्रीनं साडेतीनशेची किल्ली दिली. "तात्या, एक सांगू का? हिचं गियर डाव्या पायाला हाय आन् ब्रेक उजव्या. बुलेटच्या बरोबर उलटं."

तात्यांनी सावळारामकडं बघितलं. पोरगी बोलली की बापाकडं बघायचं, ही त्यांची रीत. "सावळाराम, मी बुलेट कवापासनं चालवतो?"

"आमच्या लग्नाच्या आदीपासनं, तात्या."

"आन् ही मला पाय शिकवती?"

"पाय न्हाय, गियर," तेजश्री म्हणाली.

"पोरी, लगाम हातात धरता आला की घोडं कुठलं हे बगत न्हाईत." तात्यांनी किक मारली. मग आणखी मारली. चौथ्या किकेला कोल्हापुरी उडून रांजणापाशी जाऊन पडली. लीलाबाईंनी ती उचलून आणून दिली आणि तोंडाला पदर लावला. शेवटी तेजश्रीनं किक मारून गाडी चालू करून दिली. अंगण निळ्या धुरानं भरलं.

तात्या बसले. उजवा पाय सवयीनं वर उचलून पहिला गियर टाकायला गेले, तिथं गियर नव्हताच. मग वाकून बघितलं, "हां" म्हणाले, डाव्या पायानं गियर दाबला, आणि निघाले. म्हणजे तेजश्रीचं सांगणं त्यांच्या डोक्यापर्यंत गेलं होतं. पायापर्यंत गेलं नव्हतं.

आवाज बेलवाडीच्या बाजूला गेला. सावळाराम, लीलाबाई आणि तेजश्री अंगणात उभे राहून ऐकत राहिले. आठवडाभर तोच आवाज मांडीखाली घेऊन बसल्यामुळे तेजश्रीला तो वाचता येत होता. दुसरा गियर. तिसरा. अर्धी मूठ. मग गाडीच्या अंगात आलं आणि दोन्ही सायलेन्सर एका सुरात ओरडले. "घेतली वाटतं तात्यांनी रंगात," सावळाराम म्हणाला. तेवढ्यात आवाज एकदम किंचाळला. क्लच दाबलाय, मूठ मोकळी सोडली नाही, तेजश्रीनं ओळखलं. मग खट्. गियर खाली. का? पुन्हा खट्. अजून एक खाली.

"ब्रेक दाबतायत!" ती म्हणाली. "डाव्या पायानं!"

आणि ती पळत सुटली. मागं तात्यांनी क्लच सोडल्याची एक शेवटची किंचाळी आली, आणि मग ऊस मोडत गेल्याचा लांबलचक आवाज.

वळणापलीकडं तात्यांचाच उसाचा फड होता, त्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्न आला नाही. फडाला नुकतंच पाणी दिलेलं होतं. कडेच्या चार सऱ्या आडव्या करून साडेतीनशे चिखलात आडवी पडली होती आणि तिच्या पलीकडं तात्या बसलेले होते, टोपीशिवाय. त्यांना टोपीशिवाय गावात फार थोड्यांनी बघितलं होतं. आडवा आलेला उसाचा ट्रॅक्टर आपल्या दोन ट्रॉल्या घेऊन केव्हाच पुढं निघून गेला होता; मागं काय झालं याचा त्याला पत्ताही नव्हता. बांधावर आबाजी उभा होता.

तेजश्री आधी गाडीकडं गेली. हे पुढं गावात बरंच चघळलं गेलं. तिनं पेट्रोलचा कॉक बंद केला, किल्ली काढली, आणि मग तात्यांकडं वळली.

"लागलं का?"

"ब्रेक न्हाईत हिला!" तात्या गरजले. "ब्रेक न्हाय, काय न्हाय! असली गाडी दारात ठिवता?"

"ब्रेक हायती, तात्या," आबाजी बांधावरून म्हणाला. "म्या बगत हुतो की. तुमी दुसरंच काय तरी तुडवत हुता. लई तुडवलं. त्या पायानं मळणी झाली आसती."

तात्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. डावा घोटा टम्म फुगला होता. तोवर सावळाराम आणि लीलाबाई पोचले. तात्यांनी पाणी मागितलं. लीलाबाईंनी आणलेला तांब्या पुढं केला. तात्यांनी तो तिथंच रिकामा केला आणि परत दिला. हे कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, असं चौघांनीही दाखवलं.

आता प्रश्न दवाखान्याचा. डॉक्टर पुढच्या जंक्शन नावाच्या गावात. गावात जीप नाही, टेम्पो नाही. एसटी दुपारची. बैलगाडी आणायची तर बैल रानात.

"तुमच्या बुलेटवर नेतो की कुणीतरी," सावळाराम म्हणाला.

"माजी बुलेट माज्याशिवाय कुणाला येत न्हाय," तात्या कण्हत म्हणाले. हे त्यांनी इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते आता खरं ठरलं होतं. "कुणाला हात लावू दिलाच न्हाय मी."

तेजश्री आणि आबाजीनं मिळून साडेतीनशे उभी केली, बांधावर काढली. हँडल उजवीकडं वाकलं होतं, डावा इंडिकेटर उसात राहिला होता. तेजश्रीनं प्लगवरचा चिखल पुसला आणि किक मारली. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा गाडी खोकत चालू झाली.

"बसा, तात्या."

"तुज्या मागं?"

"न्हायतर आबाजीच्या मेंढरावर बसा," लीलाबाई म्हणाल्या. तात्यांशी त्या पदर सावरल्याशिवाय कधी बोलल्या नव्हत्या. आज पदर सावरायचा राहिला.

तात्यांनी घोट्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कालव्यानं ने मला. पेठेतनं न्यायचं न्हाय. कळलं?"

"आधी बसा तर."

सावळाराम आणि आबाजीनं त्यांना उचलून मागं ठेवलं. गाडी मागून खचली आणि पुढून हलकी झाली. डांबरी रस्ता पहिल्यांदा, मागं माणूस पहिल्यांदा, आणि माणूस असा की तीन पोती शेंग बरी. सरळ जायचं तर हँडल उजवीकडं बघत होतं. सावळाराम काहीतरी म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात तिनं क्लच सोडला. गचका बसला, पण गाडी बंद पडली नाही.

"हळू! हळू!" तात्या. "दुसरा टाक. टाक की! आता ब्रेक मार. अगं, डाव्या—"

"तात्या, पाय नका सांगू."

वस्तीच्या पुढं फाटा आला. डावीकडं कालव्याची कच्ची वाट, समोर पेठ. कालव्याची वाट खड्ड्यांची होती, मागच्या माणसाचा पाय हिसकला असता आणि पुढच्या बाईच्यानं गाडी सावरली नसती. म्हणजे समोर जायला एक कारण होतं. दुसरं कारण तेजश्रीला स्वतःला चांगलं माहीत होतं, ते कुणाला सांगायची गरज नव्हती. ती सरळ गेली.

"अगं, कालवा! कालवा मागं ऱ्हायला!"

"खड्डे हायती तिकडं. पाय हिसकंल तुमचा."

"हिसकू दे!"

लग्नाला न गेलेली सगळी म्हातारी माणसं पेठेतल्या हॉटेलाच्या बाकड्यांवर बसलेली होती. कुणी दाढी करून घेत होतं, कुणी पेपर वाचत होतं. निळा धूर सोडत साडेतीनशे आली. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं तोंडावरून घेतलं, पण तसं पोट अख्ख्या पेठेत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"तात्या, रामराम!" एकानं बाकड्यावरून हाक दिली. "आज मागं?"

न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर होता तिथंच थांबला. तेजश्रीनं कुणाकडं बघितलं नाही. तिला बघायचं होतं, पण हँडल सरळ धरायला दोन्ही डोळे लागत होते.

गाव मागं पडलं आणि पुढं तोच ट्रॅक्टर दिसला. दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, रस्त्याच्या मधोमध, बैलाच्या चालीनं. पाचटाची धूळ तोंडावर यायला लागली.

"मागंच ऱ्हा," तात्या म्हणाले. "जाईल तो जंक्शनपतूर. आपल्याला घाई न्हाय."

तेजश्रीला घाई नव्हती. भीती होती, ती भरपूर होती. मागं राहिलं तर काहीही बिघडणार नव्हतं, आणि हेच तिला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं होतं. तिनं वाकून पुढचा रस्ता बघितला. मोकळा होता. तिनं मूठ पिळली. अर्ध्या मुठीच्या पुढं.

गाडीच्या अंगात आलं. तात्यांचे दोन्ही हात आपोआप तेजश्रीच्या कमरेच्या ओढणीच्या गाठीला घट्ट बसले आणि त्यांच्या तोंडातून सूचना बंद झाल्या. ऊस, ट्रॉली, ऊस, ट्रॉली, ट्रॅक्टरवाल्याचं वासलेलं तोंड, आणि मग नुसता रस्ता. तिनं चौथा टाकला. चौथा गियर कसा असतो हे तिला तोवर माहीत नव्हतं. चांगला असतो.

डॉक्टरांनी घोटा दाबून बघितला, हाड मोडलेलं नाही म्हणाले आणि क्रेप बँडेज बांधलं.

"आणलं कुणी तुम्हाला?"

"गाडीनं," तात्या म्हणाले.

तात्या बाहेर बाकावर येऊन बसले तेव्हा सावळाराम सायकल मारत घामानं निथळत पोचला होता. त्यानं आधी लेकीला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग गाडीला, मग तात्यांना.

"सावळाराम," तात्या म्हणाले, आणि त्यांचा जुना आवाज परत आला होता, "गाडी मी घेतली. ठरल्यापरमाणं. संध्याकाळी लुना धाडतो."

"आता कशाला पायजे तुमाला?" तेजश्रीनं विचारलं. "बसणार हाय का तिच्यावर?"

तात्यांनी सावळारामकडं बघितलं. "बसाय न्हाय. गोठ्यात टाकतो आन् कुलूप लावतो. आज मी वाचलो. उद्या गावातलं एखादं पोरगं मरंल असल्या गाडीवर. चांगल्याचंच सांगतोय."

यात तथ्य नव्हतं असं नाही. जी गाडी आपल्याला आली नाही ती कुणालाच येता कामा नये, हेही त्यात होतं; पण तथ्य होतं. सावळारामनं सायकल भिंतीला टेकवली. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. हात सवयीनं कपाळापर्यंत गेला आणि तिथून घाम निपटून खाली आला.

"न्हाय, तात्या," तो म्हणाला.

"काय?"

"न्हाय म्हणलं. गाडी आमची हाय. ती पोरगी चालवती."

नाही या शब्दाला पुढं काय बोलायचं असतं, हे शिकायची सावळारामच्या बाबतीत तात्यांवर कधी वेळच आली नव्हती. सावळाराम आपला सायकलची घंटी वाजते का ते उगाच बघत उभा राहिला.

"तात्या, परत सोडू का घरी?" तेजश्रीनं विचारलं. ती खरंच विचारत होती.

"मी यस्टीनं जाईन."

"बरं." तिनं गाडी स्टँडवरून काढली.

"कुठं निघालीस?" सावळारामनं विचारलं.

"इंदापूरला. कॉलेजपर्यंत किती वेळ लागतो बघून येते."

"अगं, आज रविवार हाय."

"रस्ता रविवारी पण असतो, नाना. मागं बसता का?"

सावळारामनं मागच्या सीटकडं बघितलं, क्षणभर खरंच विचार केला आणि म्हणाला, "सायकल कोण नेणार? तू जा."

तिनं किक मारली. गाडी चालू झाली नाही. दवाखान्यासमोर बसलेली माणसं बघायला लागली. पुन्हा किक. पुन्हा नाही. कुणीतरी हसलं.

"चोक वढ!" तात्या बाकावरून ओरडले. राहवलंच नाही त्यांना. "अगं, चोक! चोक वढ आदी!"

इंजिन तापलेलं होतं. तापलेल्या इंजिनाला चोक दिला की ते पेट्रोलनं तुंबतं, हे तिला माळावरच्या पाचव्या सकाळी कळलं होतं. तिनं चोकला हात लावला नाही. ओढणीची सुटलेली गाठ नीट आवळून बांधली, किक बाहेर ओढली आणि सगळं अंग घालून खाली उतरली.

दोन्ही सायलेन्सर एकदम बोलले. डावा इंडिकेटर नव्हता म्हणून रस्त्याच्या तोंडाशी तिनं डावा हात ताठ बाहेर काढून दाखवला, आणि वळली. घर उजवीकडं होतं.